सत्तेचाळिसाव्या ओवीपासून पुढे

रविवारच्या उपासनेत सासरे शास्त्रवाचन करत होते, आणि तिसऱ्या बाकावर बसलेल्या डिंकरावांच्या लक्षात आलं की गेली दोन मिनिटं देव बोलत नसून आपल्या घरातलं वॉशिंग मशीन बोलतंय.

"सत्तेचाळीस," सासरे खणखणीत आवाजात वाचत होते. "श्वेत आणि रंगीत ह्यांना कदापि एकत्र करू नये, कारण एकाचा रंग दुसऱ्यास लागेल. अठ्ठेचाळीस. जे लोकरीचे आहे ते वेगळे काढून ठेवावे. एकोणपन्नास. आत घालण्यापूर्वी प्रत्येकाचे खिसे तपासून पाहावेत. पन्नास. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक भार घालू नये. भार अधिक झाल्यास थरथर उत्पन्न होईल."

"आमेन," मंडळी म्हणाली.

थरथर उत्पन्न झालीच होती, पण ती डिंकरावांच्या गुडघ्यांत. ते पुस्तकं बांधायचे. उभा दिवस खळ, डिंक, दाभण आणि दोरा यांत जायचा, म्हणून मंडळीत त्यांना सगळे डिंकराव म्हणत. खरं नाव बहुधा बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. मंडळीचा वाचनाच्या मेजावरचा जुना ग्रंथ खिळखिळा झाला होता, आणि तो गेल्याच आठवड्यात त्यांनी नव्याने बांधून दिला होता. त्याच दिवशी बायकोने नव्या मशीनची पुस्तिका त्यांच्या हातात कोंबली होती. "नवी कोरी आहे आणि पानं आत्ताच सुटतायत. जाताजाता दोन टाके घालून आणा."

म्हणजे एका मेजावर दोन पुस्तकं, दोन्ही उसवलेली. मशीन परदेशी, पुस्तिका बारा भाषांतली, त्यामुळे कागद शास्त्राइतकाच पातळ. दोन्हीकडे दोन-दोन रकाने, दोन्हीकडे प्रत्येक वाक्याला आकडा. ग्रंथाच्या पानांचे क्रमांक तर कोपऱ्यांसकट झिजून गेलेले. पंख्याच्या वाऱ्याने काही पानं खाली पडली तेव्हा डिंकरावांनी ती उचलली, वरचा आकडा बघितला, सेहेचाळीसनंतर सत्तेचाळीस लावलं, आणि निर्धास्तपणे शिवून टाकलं. कडा कापण्याच्या यंत्राखाली तर सगळीच पानं एका मापाची होतात.

आता इतर कुणाच्या हातून हे झालं असतं तर तो उभा राहून "माफ करा, पान चुकलं" म्हणाला असता आणि सगळे हसून मोकळे झाले असते. डिंकरावांची गोष्ट निराळी होती. चौदा वर्षांपूर्वी लग्नाच्या वेळी होणाऱ्या सासऱ्यांवर छाप पाडावी म्हणून त्यांनी मंडळीची गीतांची पुस्तकं फुकट बांधून दिली होती. त्यातलं एक पान पुढेमागे झालं. परिणामी त्यांच्या स्वतःच्या लग्नात दीडशे माणसांनी विवाहगीताचं पहिलं कडवं म्हटलं, पान उलटलं, आणि एका सुरात अंत्यविधीच्या गीतात प्रवेश केला. सासरे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी तेव्हापासून जावयाशी "जेवलात का" आणि "निघालात का" या दोन वाक्यांपलीकडे संसार थाटला नव्हता. ग्रंथ बांधायचं काम पाळकसाहेबांनी मुद्दाम डिंकरावांना मिळवून दिलं होतं. आणि ते मिळवून देऊन पाळकसाहेब तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला निघून गेले होते, त्यामुळे मंडळीचा सगळा कारभार सासऱ्यांच्या हातात होता.

उपासना संपली. डिंकराव धीर गोळा करून पुढे गेले.

"बाबा, त्या ग्रंथाबद्दल जरा बोलायचं होतं."

सासऱ्यांनी चष्मा काढला. डोळे चक्क पाणावलेले होते. "जावईबापू," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी हा ग्रंथ वाचतोय. पण पानं अशी सुटी होऊन चिकटलेली असायची की हा भाग कधी नीट समोरच आला नाही. तुमच्यामुळे आज पहिल्यांदा दिसला. खिसे तपासून पाहावेत! किती साधं, किती खोल!" आणि सगळ्यांदेखत त्यांनी जावयाला मिठी मारली.

चौदा वर्षांनी मिळालेल्या मिठीत माणूस सत्य बोलू शकत नाही. डिंकराव सासऱ्यांच्या खांद्यात तोंड खुपसून "हो ना" एवढंच म्हणाले.

घरी आणखी एक पेच त्यांची वाट बघत होता. डिंकरावांची बायको गायकवृंदाची प्रमुख. तिने शनिवारी गायकांचे बारा पांढरे झगे मशीनमध्ये टाकले होते, आणि मदत करावी म्हणून डिंकरावांनी मागाहून हळूच आपला कामाचा अ‍ॅप्रनही त्यात सारला होता. मशीन फिरलं, थांबलं, आणि दार काही उघडेना. काचेतून आत पाणी दिसत होतं, आणि पाण्यात तांबूस काहीतरी दिसत होतं. डिंकरावांना अ‍ॅप्रनच्या खिशातलं खुणेच्या लाल फितीचं भेंडोळं आठवलं होतं, पण त्यांनी त्यावर मौन पाळलं होतं. आता मौनांची संख्या दोन झाली.

"मेकॅनिकला बोलावू या का?" त्यांनी विचारलं.

"नको. मी पुस्तिका नीट वाचली," बायको म्हणाली. "कंपनीवाल्यांना हे सगळं माहीत आहे. तांबूस किंवा हिरवट डाग दिसला तर सात दिवस तसंच बंद करून ठेवायचं, असं स्पष्ट लिहिलंय."

"सात दिवस?"

"अहो, परदेशी कंपनी आहे. त्यांनी काही विचार केलाच असेल ना?"

एरवी डिंकरावांनी पुस्तिका हातात घेऊन बघितली असती. पण त्यांच्या डोक्यात ते एकच पान घोंघावत होतं. ग्रंथातून ते पान अलगद कापून काढायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. बुधवारी संध्याकाळी खिशात कटर टाकून ते उपासनागृहात पोचले.

तिथे शास्त्राभ्यासाचा वर्ग खचाखच भरला होता. एरवी बुधवारी सासरे, पेटीवाली आणि पंख्याखाली बसायला येणारा बेकरीवाला, एवढेच असत. आज बाक कमी पडले होते. ग्रंथ एका काचेच्या कपाटात कुलूपबंद होता, आणि किल्ली सासऱ्यांच्या गळ्यात लोंबत होती.

"या, या, जावईबापू! पुढे बसा," सासरे म्हणाले. पुढे बसा हे शब्दही डिंकरावांनी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

पेटीवालीने हात वर केला. "गुरुजी, मी घरी जाऊन माझ्या पुस्तकात बघितलं. लेवीय, तेरावा अध्याय, सत्तेचाळीस. तिथे वेगळंच आहे काहीतरी. कपड्याला बुरशी, आणि ते धुवायचं, असं."

डिंकरावांचा जीव भांड्यात पडला. चला, कुणीतरी तपासलं! खरं तर मंडळीत लेवीयापर्यंत, म्हणजे शास्त्रातल्या तिसऱ्याच पुस्तकापर्यंत, पोचलेला माणूस सापडणं कठीण होतं. दरवर्षी जानेवारीत सगळे मोठ्या उमेदीने उत्पत्तीपासून वाचायला बसत आणि फेब्रुवारीत निवासमंडपाच्या पडद्यांची मापं मोजतामोजता झोपी जात.

"शाबास! तपासलंत हे उत्तम केलंत," सासरे म्हणाले. "आता सांगा, विषय काय? कपडे धुणे. आपल्या ग्रंथातला विषय काय? कपडे धुणे. विषय तोच! मग शब्द कुणी बदलले? नव्या छपाईवाल्यांनी बदलले. खिसे तपासायला सांगितलेलं कुणाला आवडतं? काढून टाकलं!"

वर्गातून हळहळ उमटली. बेकरीवाला म्हणाला, "मला आधीच संशय होता."

"तुम्हाला कधीपासून?" पेटीवालीने विचारलं.

"आत्ता गुरुजी बोलले तेव्हापासून."

मग सासऱ्यांनी कपाट उघडून पुढच्या ओव्या वाचल्या. पंचावन्नावी ओवी अशी होती: दार न उघडल्यास बळ लावू नये. खालच्या बाजूची लहान झडप सैल करावी, सर्व पाणी उथळ पात्रात घ्यावे, शंभरापर्यंत अंक मोजावे, म्हणजे दार आपोआप उघडेल. "दार म्हणजे मन," सासऱ्यांनी खुलासा केला. "बळ लावून मन उघडत नाही. खालची झडप म्हणजे नम्रता. आणि उथळ पात्र म्हणजे आपण सगळे." लोकांनी वह्यांत लिहून घेतलं. डिंकरावांनीही लिहून घेतलं, पण त्यांचं कारण घरगुती होतं.

गडबड झाली ती एकोणसाठाव्या ओवीने. "हमी दोन वर्षांची आहे," सासऱ्यांनी वाचलं, आणि त्यांचाही आवाज जरा बारीक झाला. "दार बळाने उघडल्यास हमी रद्द समजावी."

बेकरीवाल्याने बोटांवर हिशेब केला. "गुरुजी, माझा बाप्तिस्मा होऊन एकतीस वर्षं झाली. म्हणजे माझी हमी..."

"एकोणतीस वर्षांपूर्वीच संपली," पेटीवाली म्हणाली. हिशेबात तिचा हात कुणी धरला नसता.

"मग इतकी वर्षं मी असाच फिरतोय?"

"तारण कधीच संपत नाही असंच आम्ही लहानपणापासून शिकलो," मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं.

"ते नव्या छपाईतलं," दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

सासऱ्यांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. येत्या रविवारपासून ओव्या अमलात आणायच्या, असं ठरलं. रंगीत कपडेवाले डावीकडे, पांढरे उजवीकडे. लोकरीवाले मागे. दारात खिसे तपासायचे. एका बाकावर चारापेक्षा जास्त भार नको. "आणि अठ्ठावन्नावी," सासरे म्हणाले. "बालके व पाळीव प्राणी ह्यांना आत जाऊ देऊ नये. पाळीव प्राणी आपल्याकडे येतच नाहीत. मुलांना मात्र बाहेर व्हरांड्यात बसावं लागेल. मलाही जड जातंय. पण लिहिलेलं आहे."

वर्ग सुटल्यावर त्यांनी डिंकरावांच्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. शीर्षक होतं, 'नव्या छपाईतून गाळलेली वचने'. "रविवारपर्यंत चाळीस प्रती बांधून द्या. हे काम तुमच्याशिवाय मी कुणाला देणार?" मघाशी कटर घेऊन आलेले डिंकराव आता खोट्या शिकवणीचे अधिकृत बांधणीकार म्हणून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनपुढे बसकण मारली. खालची झडप सैल केली, पाणी परातीत घेतलं आणि शंभर आकडे मोजले. अठ्ठ्याण्णवला टक् असा आवाज झाला आणि दार उघडलं. बायको धावत आली.

"अहो! कसं उघडलंत? सात दिवस कुठे झालेत?"

"बाबांच्या वर्गात ऐकलं. पंचावन्नावी ओवी," डिंकराव म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं, आणि यापेक्षा खोटं ते आयुष्यात बोलले नव्हते.

बायकोने हात जोडले. "वचनाने दार उघडलं!" मग तिने पहिला झगा बाहेर ओढला. तो गुलाबी होता. दुसराही गुलाबी होता. बाराच्या बारा झगे गुलाबी निघाले, आणि सगळ्यात शेवटी डिंकरावांचा अ‍ॅप्रन आणि त्याच्या खिशातून लांबच लांब लाल फीत बाहेर आली.

"श्वेत आणि रंगीत एकत्र करू नये," बायको एकेक शब्द चावत म्हणाली. "खिसे तपासून पाहावेत. रविवारी बाबा घसा फोडून सांगत होते, तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं?"

"अगं, पण मी शनिवारीच..."

"रविवारी ऐकूनसुद्धा गप्प बसलात!" तिने कपाटावरची पुस्तिका काढून चाळली. "बघा, यात काय लिहिलंय. डाग पसरलेला असेल तर जाळून टाकावे."

"मशीन?"

"कपडे! फार कडक आहे कंपनी. पण आधी दाखवून घ्यायचं लिहिलंय. ते तपासणार आणि मग ठरवणार."

"कोण?"

"असतो त्यांचा एक माणूस. मी फोन केलाय. तुम्ही आधी ते चाळीस गठ्ठे बांधा."

रविवार उजाडला. उपासनागृहाच्या दारात रांग लागली होती. खिसे तपासायचं काम बेकरीवाल्याकडे होतं आणि तो ते मन लावून करत होता. पेटीवालीच्या पर्समध्ये मंडळीचे चार चमचे सापडले. ती म्हणाली, घासायला नेले होते, कधी ते आठवत नाही. प्रशिक्षण संपवून परतलेले पाळकसाहेब रांगेत पुढे आले, तर त्यांच्या खिशातून पेपरमिंटच्या सात गोळ्या आणि वर्षभरापूर्वी हरवली म्हणून जाहीर झालेली गोदामाची किल्ली निघाली.

"हे काय चाललंय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"शास्त्राप्रमाणे," बेकरीवाला म्हणाला आणि त्याने त्यांना डावीकडे पाठवलं, कारण त्यांचा सदरा फिकट निळा होता.

आत तर वेगळीच तारांबळ होती. पांढरा शर्ट आणि काळी पॅन्ट घातलेले लोक मधल्या वाटेत उभे राहून निकालाची वाट बघत होते. दम्याचे पोस्टमास्तर गळ्यातला लोकरी मफलर सोडायला तयार नव्हते, म्हणून ते शेवटच्या बाकावर एकटे बसून खोकत होते. बेकरीवाला तपासणी आटोपून बाकावर बसला तसं त्याच्या शेजारचे तिघे उठले, कारण त्याला दोन धरायचे की तीन यावर एकमत होईना. आणि या सगळ्यात गायकवृंद आत आला. बारा गुलाबी झगे. श्वेत की रंगीत? अर्धे डावीकडे गेले, अर्धे उजवीकडे, आणि मग जागा बदलण्यासाठी ते एकमेकांवर आदळले.

सासरे मेजापाशी उभे राहिले. "आज आधी साक्ष होईल," ते म्हणाले, आणि डिंकरावांची बायको पुढे आली.

"पंचावन्नाव्या ओवीने आमचं दार उघडलं," ती म्हणाली. "मनाचं नाही, खरंच दार. शंभर मोजायच्या आत!"

"हालेलुया!" सगळं उपासनागृह दुमदुमलं. पाळकसाहेबांनी शेजारच्याला कानात विचारलं, "ही कुठल्या पुस्तकातली पंचावन्नावी?"

"लेवीय. जुनी छपाई," शेजारचा म्हणाला. पाळकसाहेब आपल्या पिशवीत पुस्तक शोधू लागले, तर ते दारात जप्त झालेल्या सामानात राहिलं होतं.

"आता मुलांनी बाहेर जायचं आहे," सासरे म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या बाकावरची नऊ मुलं उठली. त्यांत डिंकरावांची धाकटी होती, सात वर्षांची. ती आजीशेजारी बसायची, कारण सासूबाईंना डोळ्यांनी फारसं दिसत नसे आणि रविवारी त्यांना आणण्यानेण्याचं काम या नातीकडे होतं. नातीने आजीचा हात सोडला आणि विचारलं, "आजी, आम्ही काही वाईट केलं का?"

प्रश्न हळू विचारला होता, पण नेमकी त्याच क्षणी सगळीकडे शांतता होती. सासूबाईंनी काठी घेतली, त्या चाचपडत उठल्या आणि त्यांनी नातीचा हात पुन्हा धरला.

"तू कुठे निघालीस?" सासऱ्यांनी मेजावरून विचारलं.

"पोरांबरोबर."

"अगं, तुला नाही सांगितलं."

"त्यांना बाहेर काढल्यावर देव आत थांबेल असं मला नाही वाटत," सासूबाई म्हणाल्या. "मग मी आत बसून करू काय?"

डिंकरावांना त्या क्षणी रडू आलं, आणि रडू आलं की त्यांना खोटं बोलता येत नसे. ते उभे राहिले. मिठी गेली, पुढचा बाक गेला, मरेपर्यंत "जेवलात का" आणि "निघालात का". जाऊ दे.

"थांबा!" ते ओरडले. "ते वचन नाही. ते वॉशिंग मशीन आहे!"

कुणाला काहीच कळलं नाही. कुणीतरी सवयीने आमेन म्हटलं.

मग डिंकरावांनी सगळं सांगितलं. पंखा, सुटलेली पानं, सेहेचाळीसनंतर सत्तेचाळीस, आणि मिठीसाठी आठ दिवस गिळलेली जीभ. सांगता सांगता त्यांनी लाल फितीचंही सांगून टाकलं, कारण कबुली एकदा सुरू झाली की मध्येच थांबवता येत नाही.

सासरे पांढरेफटक पडले. त्यांनी मेजावरचं पान वर धरलं, उलटसुलट केलं आणि नाकाशी नेलं. "मग खरं पान कुठे आहे?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. "सत्तेचाळीस ते एकोणसाठ. शास्त्राचं पान कुठे टाकलंत, जावईबापू?"

याचा डिंकरावांनी विचारच केला नव्हता.

गुलाबी झग्यांमधून बायकोचा आवाज आला. "बाबा... ते बहुतेक माझ्याकडे आहे."

तिने पर्समधून पुस्तिका काढली. "मी बरोबर आणली होती. झगे दाखवून घ्यायचे होते ना. यात सेहेचाळीसपर्यंत प्लग लावायची माहिती आहे. आणि मग सत्तेचाळीसपासून लोकरीच्या आणि तागाच्या वस्त्राला चट्टा पडला, तर याजकाने तो तपासावा, सात दिवस बंद करून ठेवावे..." ती वाचता वाचता हळू होत गेली. "मला वाटलं, कंपनी धार्मिक असेल."

"याजक हा शब्द तुला खटकला नाही?" डिंकरावांनी विचारलं.

"खटकला की! म्हणून तर मी कंपनीत फोन करून विचारलं, तुमचा याजक कधी येणार. ते म्हणाले, सध्या रजेवर आहेत, सोमवारी पाठवतो."

पहिला हसला तो बेकरीवाला. त्याची हमी परत मिळाली होती. त्याच्या हसण्याने बाक हादरला, मग शेजारचा बाक, आणि बघता बघता पोस्टमास्तर खोकत खोकत हसत आपल्या जुन्या जागेवर येऊन बसले. पाळकसाहेबांना तर बोलता येईना. सासरे तेवढे ताठ उभे होते, हातात ते पान धरून. डिंकरावांना त्यांच्याकडे बघवेना.

"तुला माहीत होतं?" सासऱ्यांनी अचानक सासूबाईंना विचारलं.

"पहिल्या रविवारीच," सासूबाई म्हणाल्या. "मला वाचता येत नाही, पण ऐकतेय किती वर्षं! त्या अध्यायात ओवी-दोन ओव्यांनी याजक येतो. तुम्ही वाचलंत त्यात एकदाही आला नाही. आणि देव हमी रद्द करणारा नव्हे, एवढं तर कुणीही सांगेल."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी घरी गेल्यावर तुम्ही कपडे धुवायला टाकताना खिसे तपासलेत. पांढरे वेगळे काढलेत. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हे पहिल्यांदा झालं. म्हटलं, पाळकसाहेब येईपर्यंत चालू दे. पोरांवर येईल असं मला काय माहीत!"

यावर मात्र सासऱ्यांना कडेलाच बसून घ्यावं लागलं. ते बराच वेळ डोळे पुसत होते, आणि ते हसतायत की रडतायत हे शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही. मग त्यांनी हात वर केला. "मुलांनो," ते म्हणाले, "पुढे या. अजून पुढे. अगदी इथे बसा." आणि डिंकरावांकडे बघून म्हणाले, "जावईबापू, बांधणी पुन्हा चुकली. पण या वेळेला आपण होऊन बोललात."

पुढच्या रविवारी ग्रंथ दुरुस्त होऊन आला. सासऱ्यांनी त्यातल्या प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ डिंकरावांकडून मोठ्याने वाचून घेतली होती. सलग चार संध्याकाळी दोघं समोरासमोर बसले होते, आणि सासूबाई मध्ये बसून ऐकत होत्या. चौदा वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं त्यांच्यात त्या चार संध्याकाळी झालं. गायकांनी गुलाबी झगे तसेच ठेवायचं ठरवलं होतं. खिशांची तपासणीही बेकरीवाल्याने सोडली नव्हती, पण ती आता फक्त चमच्यांपुरती होती.

सासरे मेजापाशी उभे राहिले. "लेवीय, अध्याय तेरा," त्यांनी वाचलं. "सत्तेचाळीस." आणि ते थांबले. चष्म्यावरून त्यांनी जावयाकडे एकदा बघितलं.

तेवढ्यात डिंकरावांच्या कानांवर एक आवाज आला. आधी एका बाकावरून, मग दुसऱ्या, मग चहूकडून. ऐंशी-नव्वद माणसं आपापल्या पिशवीतून आपापलं पुस्तक काढून तोच अध्याय शोधत होती. इतरांना ती नुसती कागदांची सळसळ वाटली असेल, पण डिंकराव बांधणीतले होते. छापखान्यातून आल्यापासून कधीच न उघडलेली पानं पहिल्यांदा एकमेकांपासून सुटतात, तेव्हा तो चर्र असा आवाज येतो. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"बरोबर आहे, गुरुजी," शेवटच्या बाकावरून बेकरीवाला ओरडला. "माझ्यातही तेच आहे. वाचा पुढे!"